चाकांवरच्या स्वयंपाकघरातील ओट्यामागची भिंत

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीला जोडून ओढून न्यायचे चाकांवरचे घर, बाळगणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांत या वेळी एकाच विषयावरचे प्रश्न सर्वाधिक आहेत : स्वयंपाकाच्या ओट्यामागच्या भिंतीवर पाठीचा कागद सोलून चिकटवायच्या, बहुधा व्हिनाइलच्या म्हणजे लवचीक प्लास्टिकच्या, टाइल्स लावाव्यात का, आणि लावल्यास त्या टिकाव्यात कशा. सारखे प्रश्न एकत्र करून आणि थोडे आटोपशीर करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी आम्ही आमच्या ट्रेलरच्या ओट्यामागे सोलून चिकटवायच्या टाइल्स लावल्या. लावण्यापूर्वी भिंत ओल्या फडक्याने पुसून घेतली होती. पहिल्याच लांबच्या प्रवासानंतर खालच्या ओळीचे कोपरे उचलले गेले आणि आता दोन ताव (अनेक टाइल्सचे सलग तुकडे) पूर्ण सुटून ओट्यावर पडले आहेत. तेच ताव एखाद्या जालीम गोंदाने पुन्हा चिकटवावेत का?

उत्तर : दुसरा गोंद शोधण्याआधी सुटलेला ताव उलटा करून उजेडाकडे धरावा आणि त्याची पाठ बारकाईने पाहावी, कारण टाइल का सुटली याचे उत्तर बहुतेक वेळा तिच्या पाठीवरच मिळते. गोंद जवळजवळ नव्यासारखा चकचकीत असेल आणि त्यावर ठिपक्यांची किंवा रेघांची पुसट नक्षी उमटली असेल, तर भिंत खडबडीत होती आणि गोंद फक्त तिच्या उंचवट्यांना टेकला होता. मधल्या खळग्यांत तो कधी पोहोचलाच नाही. गोंदावर करडा, किंचित तेलकट थर आला असेल, तर टाइल भिंतीला नव्हे तर भिंतीवरच्या मळाला चिकटली होती. आणि गोंदाबरोबर भिंतीचा छापील पापुद्राच निघून आला असेल, तर टाइलचा आणि गोंदाचा काही दोष नाही. भिंतीचे वरचे आवरणच सैल झालेले होते. आपण भिंत केवळ ओल्या फडक्याने पुसली होती आणि ताव सुटले ते खालच्या ओळीचे, म्हणजे सिंक आणि शेगडीचे शिंतोडे जिथे सर्वाधिक उडतात त्या पट्ट्यातले. त्यामुळे आपल्याला पहिल्या दोन्ही खुणा सापडतील, असे मला वाटते.

ट्रेलरची आतली भिंत ही विटांची किंवा प्लास्टरची भिंत नसते. बहुतेक ट्रेलरमध्ये ती जेमतेम 3 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असते आणि तिच्यावर व्हिनाइलचा किंवा कागदाचा छापील पापुद्रा कारखान्यातच चढवलेला असतो. हा पापुद्रा सहज पुसता यावा म्हणूनच गुळगुळीत केलेला असतो, आणि जे सहज पुसले जाते त्याला गोंदही सहजासहजी धरत नाही. टाइलच्या पाठीवरचा गोंद हा वाळून कडक होणारा गोंद नव्हे. तो कायम चिकट राहतो, दाब दिला की अतिशय मंद गतीने पसरतो आणि भिंतीच्या बारीक खाचाखोचांत शिरून पकड घेतो. ही पकड पहिल्या काही मिनिटांत निम्मी येते, एका दिवसात पुष्कळशी येते आणि पूर्ण यायला साधारण 72 तास लागतात. म्हणून टाइल लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी ट्रेलर जोडून खडबडीत रस्त्याला लागणे म्हणजे गोंद भिंतीत रुजण्याआधीच त्याला हिसके देणे होय.

आता भिंत कशी तयार करावी ते सविस्तर सांगतो, कारण या कामातला तीन चतुर्थांश वेळ इथेच जायला हवा. प्रथम कोमट पाणी आणि भांड्यांचा द्रवरूप साबण यांनी भिंत धुऊन काढावी आणि साबणाचा अंश राहू नये म्हणून साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसावी. शेगडीच्या आजूबाजूला तेलाच्या वाफेचा जो पिवळसर चिवट थर बसतो, तो साबणाने निघत नाही. त्यासाठी तेलकटपणा काढणारे द्रावण वापरून पुन्हा पाण्याने पुसावे. भिंत पूर्ण कोरडी झाली की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून, धागे न सुटणाऱ्या फडक्याने ते भिंतीवर फिरवावे आणि ते उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. टिपून घेण्याची ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. अल्कोहोलने मळ सुटा होतो, पण टिपला नाही तर अल्कोहोल उडाल्यावर तो पुन्हा तिथेच बसतो. फर्निचर चमकवण्याच्या फवाऱ्यांत अनेकदा सिलिकॉन असते; भिंतीवर तसा फवारा कधी मारला असेल तर ही सफाई दोनदा करावी, कारण सिलिकॉनचा नजरेला न दिसणारा थरही गोंदाची पकड मोडतो.

अल्कोहोल ज्वालाग्राही आहे. काम चालू असताना गॅसची टाकी बंद, शेगडीची ज्योत बंद आणि सगळ्या खिडक्या उघड्या असाव्यात. ट्रेलरमध्ये जमिनीलगत गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवलेले असते, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असून खाली साचतो. हे यंत्र अल्कोहोलच्या वाफेनेही वाजू लागते. ते वाजले तर घाबरू नये, पण त्याची तार काढून ठेवण्याचा मोहही टाळावा. हवा खेळती ठेवली की ते आपोआप शांत होते.

भिंतीवर कापडासारखी किंवा सालपटासारखी उठावदार नक्षी असेल, तर केवळ सफाई पुरणार नाही. 150 नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने उंचवटे मोडावेत आणि चकाकी घालवावी. पापुद्रा फाटून खालचे लाकूड दिसू लागेपर्यंत घासू नये. धूळ पुसून गुळगुळीत पृष्ठभागांसाठी मिळणाऱ्या प्रायमरचा एक पातळ हात द्यावा आणि डब्यावर लिहिलेला पूर्ण वाळण्याचा अवधी जाऊ द्यावा. हाताला कोरडा लागणे आणि आतपर्यंत वाळणे यांत कधी कधी काही दिवसांचे अंतर असते. अर्धवट वाळलेल्या प्रायमरवर लावलेली टाइल प्रायमरसकट सोलून येते. प्रायमर वाळल्यावर मास्किंग टेपचा एक वीतभर तुकडा भिंतीवर घट्ट दाबून झटक्यात ओढून पाहावा. टेपला जोर लावावा लागला आणि तिच्या पाठीवर काहीच आले नाही, तर भिंत तयार झाली असे समजावे.

राहिला आपला मूळ प्रश्न. सुटलेल्या तावांच्या गोंदात धूळ बसलेली असते, म्हणून ते पुन्हा वापरू नयेत. जालीम गोंदही टाळावा : अशा अनेक गोंदांतील द्रावके व्हिनाइल मऊ करून टाइल वेडीवाकडी करतात आणि उद्या टाइल काढायची वेळ आली तर भिंतीचे प्लायवूड सोबत उचकटून येते. भिंत नीट तयार करून नवे ताव लावावेत. त्या भिंतीला वेगळ्या गोंदाची गरज पडणार नाही.

प्रश्न : सोलून चिकटवायच्या टाइल्स म्हणजे तात्पुरती सोय, असे ऐकतो. ट्रेलरमध्येही खऱ्या सिरॅमिक टाइल्सच का लावू नयेत?

उत्तर : ट्रेलरमध्ये वजनाचा हिशेब ग्रॅमने नसला तरी किलोने नक्कीच ठेवावा लागतो. ओट्यामागची पट्टी 180 सेंटीमीटर लांब आणि 45 सेंटीमीटर उंच धरली, तर तिचे क्षेत्रफळ 0.81 चौरस मीटर होते. 8 मिलिमीटर जाडीच्या सिरॅमिक टाइल्स आणि त्यांच्या मागचा मसाला मिळून दर चौरस मीटरला साधारण 20 किलो वजन होते, म्हणजे या एका पट्टीचे सोळा किलोंच्या घरात. व्हिनाइलच्या टाइल्सचे हेच वजन दोन किलोंच्या आसपास राहते. वजनापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की ट्रेलरची भिंत चालताना लवते. वळणावर, गतिरोधकावर, चाक खड्ड्यात गेल्यावर सारा सांगाडा किंचित पिळला जातो आणि पुन्हा सरळ होतो. सिरॅमिक टाइल लवत नाही, तिच्या सांध्यांतले सिमेंटही लवत नाही. म्हणून आधी सांध्यांत केसासारख्या भेगा पडतात, मग टाइल पोकळ वाजू लागते आणि एखाद्या प्रवासात सुटून पडते. लवचीक टाइल भिंतीबरोबर हलते. तिला घरातल्या टाइलची नक्कल मानण्यापेक्षा हलत्या भिंतीसाठीची योग्य वस्तू मानावे, असे माझे मत आहे.

सांधे भरायचे असतील तर काय, असेही काहींनी विचारले आहे. बहुतेक सोलून चिकटवायच्या टाइल्समध्ये सांध्यांच्या रेघा आधीच उमटवलेल्या असतात, त्यामुळे भरण्यासारखे काही उरत नाही. तेच ट्रेलरसाठी बरे.

प्रश्न : सिंकच्या वरच्या खिडकीखाली भिंतीवर चहाच्या रंगाचा डाग आहे आणि तिथे बोटाने दाबले की भिंत किंचित आत जाते. टाइल्स लावल्या की डाग झाकला जाईल, असा विचार आहे.

उत्तर : हा विचार कृपया आजच सोडून द्यावा. तो डाग म्हणजे खिडकीच्या चौकटीतून किंवा छताच्या सांध्यातून पाणी आत येत असल्याची खूण आहे आणि भिंत मऊ लागते याचा अर्थ आतले प्लायवूड कुजू लागले आहे. व्हिनाइलची टाइल पाण्याची वाफ आरपार जाऊ देत नाही. आज जी थोडी ओल खोलीतल्या हवेत उडून जाते, ती टाइलमागे कोंडली जाईल, कुजण्याचा वेग वाढेल आणि आपल्याला ते दिसणारही नाही. बाहेरून टाइल सुंदर दिसत राहील आणि आत भिंतीचा भुगा होत जाईल.

आधी बाहेरच्या बाजूने खिडकीच्या चौकटीभोवतीचे सीलंट तपासावे. तडकलेले, आकसलेले किंवा सुटलेले सीलंट पूर्ण काढून नवे भरावे. छताचा सांधा आणि खिडकीच्या वरच्या बाजूची पन्हळपट्टीही पाहावी, कारण पाणी जिथे शिरते तिथेच दिसते असे नाही. सांगाड्याच्या आधाराने ते खाली ओघळत येते. ओलावा मोजण्याचे साधे टोचयंत्र मिळते. त्यावर लाकडाचा ओलावा 20 टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर भिंतीवर कोणतेही आवरण चढवू नये. मऊ झालेला भाग कापून नवी फळी बसवावी, दोन-चार जोरदार पाऊस होऊ द्यावेत, आणि तरीही ओलावा वाढला नाही तरच टाइल्सचा विचार करावा. याला एखादा महिना गेला तरी तो महिना वाया गेला असे वाटून घेऊ नये.

प्रश्न : गॅसच्या शेगडीच्या अगदी मागे या टाइल्स चालतात का? वेष्टनावर उष्णतारोधक असे लिहिलेले आहे.

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर मी स्वतः चूक करून शिकलो आहे. माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये मी वेष्टनावरच्या त्याच शब्दावर विसंबून शेगडीच्या मागेही तेच ताव सलग लावले होते. दोन-तीन महिन्यांत मागच्या बर्नरच्या समोरच्या चार टाइल्स पिवळ्या पडल्या, त्यांच्यावरच्या सांध्यांच्या सरळ रेघा लाटांसारख्या झाल्या आणि एका टाइलचा खालचा काठ मऊ होऊन पानासारखा पुढे वळला. तो काठ ज्योतीपासून हातभर अंतरावरही नव्हता. सुदैवाने वेळीच लक्ष गेले.

व्हिनाइल 80 अंश सेल्सिअसच्या आतच मऊ पडू लागते. वेष्टनावरचा उष्णतारोधक हा शब्द बहुधा वाफ, गरम शिंतोडे आणि आजूबाजूची ऊब यांपुरताच असतो. ज्योतीच्या थेट झळेसाठी नसतो. ट्रेलरच्या छोट्या ओट्यावर मागचा बर्नर आणि भिंत यांत अंतर फार कमी असते, आणि मोठे पातेले ठेवले की ज्योत त्याच्या बुडाखालून बाहेर पसरून भिंतीकडे वळते. म्हणून शेगडीच्या माहितीपुस्तिकेत ज्वलनशील पृष्ठभागापासून किती अंतर राखावे हे दिलेले असते ते पाहावे, आणि त्या अंतराच्या आत व्हिनाइलची टाइल लावूच नये. तेवढ्या भागात स्टेनलेस स्टीलचा पत्रा स्क्रूने बसवावा आणि शक्य झाल्यास पत्रा व भिंत यांच्यामध्ये हवेची थोडी पोकळी ठेवावी, कारण भिंतीला टेकलेला पत्रा तापून तीच उष्णता मागच्या प्लायवूडला देतो. टाइल्स पत्र्याच्या दोन्ही बाजूंना येऊन थांबाव्यात. नीट मापात कापलेला पत्रा दिसायलाही चांगला दिसतो.

धातूचा मुलामा दिलेल्या सोलून चिकटवायच्या टाइल्स शेगडीमागे चालतील का, असे एका वाचिकेने विचारले आहे. धातू जळत नाही हे खरे, पण त्याच्या मागचा गोंद तापतो आणि सैल होतो. ज्योतीवर सुटून पडणारी टाइल ही न लावलेल्या टाइलपेक्षा अधिक धोक्याची आहे.

टाइल्स लावण्याआधी एक चाचणी करता येईल. मागच्या बर्नरवर आपल्याकडचे सर्वांत मोठे पातेले ठेवून 20 मिनिटे पाणी उकळावे, शेगडी बंद करावी आणि लगेच भिंतीच्या निरनिराळ्या भागांचे तापमान दुरून तापमान दाखवणाऱ्या यंत्राने मोजावे. 50 अंशांच्या वर गेलेला भाग खडूने आखून घ्यावा आणि माहितीपुस्तिकेतील अंतर त्याहून कमी असले तरी तो पूर्ण भाग पत्र्यासाठी राखावा.

प्रश्न : पहिली ओळ पाणसळ लावून अगदी सरळ आखली, तरी सगळे ताव लावून झाल्यावर ओळी ओट्याच्या मानाने तिरप्या दिसतात. कुठे चुकले?

उत्तर : चूक आपल्या हाताची नाही, पाणसळीवर ठेवलेल्या विश्वासाची आहे. घर जागचे हलत नाही, म्हणून घरात गवंडी पाणसळ आणि ओळंबा घेऊन बसतो ते बरोबर आहे. ट्रेलर मात्र ज्या जमिनीवर उभा असेल त्या जमिनीप्रमाणे कलतो. ज्या दिवशी आपण ओळ आखली त्या दिवशी तो बोटभर कललेला असेल, तर पाणसळीने ओळ पृथ्वीशी समांतर झाली, ओट्याशी झाली नाही. आणि डोळा सतत पाहतो तो ओटा. म्हणून ट्रेलरमध्ये पहिली ओळ ओट्याच्या मागच्या काठावरूनच घ्यावी. ओट्याची मागची कड आणि वरच्या कपाटाची खालची कड यांतले अंतर डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशा तीन ठिकाणी मोजावे. तिन्ही मापांत फरक असेल, आणि तो बहुधा असतोच, तर तो फरक वरच्या ओळीत, कपाटाच्या सावलीत कापून जिरवावा. खालची ओळ मात्र ओट्याशी पक्की समांतर ठेवावी.

ओट्याला टाइल अगदी टेकवू नये. 2 ते 3 मिलिमीटर फट ठेवावी; तेवढ्या जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ओट्यावर ठेवून त्यांच्यावर पहिला ताव टेकवला की फट सर्वत्र सारखी येते. या फटीचे कारण असे : व्हिनाइल तापले की लाकडापेक्षा कितीतरी अधिक पसरते. थंड रात्रीचे 5 अंश आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या ट्रेलरमधले 50 अंश एवढा फरक धरला, तर 2 मीटर लांबीची मोकळी व्हिनाइलची पट्टी सुमारे 5 मिलिमीटर वाढते. गोंदाने धरून ठेवल्यामुळे भिंतीवर एवढी वाढ दिसत नाही, पण तिला वाव मिळाला नाही तर ताव मध्येच फुगतो. आतल्या कोपऱ्यावरही ताव दुमडून पलीकडे नेऊ नये. दोन भिंती प्रवासात वेगवेगळ्या हलतात आणि दुमडलेली टाइल तिथे नक्की उचलली जाते. दोन्ही बाजूंचे ताव कोपऱ्याच्या जरा अलीकडे थांबवावेत. नंतर या सर्व फटींत लवचीक सीलंट भरावे. सिलिकॉन सीलंटची नळी मात्र सगळ्या टाइल्स लागेपर्यंत उघडूही नये. बोटाला लागलेले सिलिकॉन टाइलच्या जागेवर पुसले गेले तर तिथे गोंद धरणार नाही.

ताव लावताना पाठीचा सगळा कागद एकदम सोलू नये. वरून चार बोटे कागद सोलून मागे दुमडावा, ताव शेजारच्या तावाच्या दात्यांत बसवून केवळ टेकवावा, एक पाऊल मागे जाऊन पाहावे, आणि मनासारखे बसले असेल तर एका हाताने कागद खाली ओढत दुसऱ्या हाताच्या तळव्याने मधून कडांकडे दाबत यावे. शेवटी रबरी रूळ घेऊन प्रत्येक टाइलवरून, विशेषतः कडांवरून, अंगाचा भार देऊन फिरवावा. या गोंदाला दाब हवा असतो. नुसता हात फिरवून तो मिळत नाही. कापण्यासाठी धातूची पट्टी आणि कटर पुरतो, पण पाते दर तीन-चार तावांनंतर बदलावे. बोथट पाते व्हिनाइल कापण्याऐवजी ओढते आणि कड खडबडीत होते.

ताव मोजून आणू नयेत, दहा ते पंधरा टक्के जादा आणावेत आणि सर्व वेष्टनांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. पांढऱ्या रंगातही दोन बॅचमधला फरक खिडकीच्या उजेडात उघड दिसतो.

प्रश्न : ट्रेलरच्या भिंतीवर दर काही अंतरावर उभ्या पातळ पट्ट्या ठोकलेल्या आहेत. त्यांच्यावरून टाइल्स लावता येतील का?

उत्तर : नाही. या पट्ट्या दोन फळ्यांमधला सांधा झाकण्यासाठी असतात आणि त्यांच्यावरून नेलेली टाइल दोन्ही बाजूंना पोकळ राहते. पट्टी रुंद पात्याने हळूहळू उचलून काढावी, मागे राहिलेल्या पिना चिमट्याने ओढाव्यात आणि सांध्याची खाच लवचीक भरावाने भरून सपाट करावी. कडक पुट्टी भरू नये, ती प्रवासात तडकते. दोन तावांचा जोड नेमका या सांध्यावर येणार नाही अशी मांडणी आधीच ठरवावी. सांधा तावाच्या मध्यावर आला तर हालचालीचा ताण विभागला जातो.

प्रश्न : भिंतीवर विजेचे दोन सॉकेट आहेत. त्यांच्याभोवती टाइल कशी कापावी?

उत्तर : कापण्याआधी वीज बंद करण्याविषयी लिहितो, कारण ट्रेलरमध्ये वीज एकाच वाटेने येत नाही. बाहेरून आलेली वीजजोडणी काढली तरी इन्व्हर्टर चालू असेल तर सॉकेटमध्ये वीज राहते, आणि दिवे व चार्जिंगची ठिकाणे 12 व्होल्टच्या बॅटरीवर वेगळी चालत असतात. बाहेरची जोडणी काढावी, इन्व्हर्टर बंद करावा, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा आणि त्यानंतरही टेस्टरने खात्री केल्याशिवाय झाकणाचा स्क्रू सोडवू नये.

अनेक ट्रेलरमध्ये सॉकेटच्या मागे घरातल्यासारखा डबा नसतो. सॉकेट स्वतःच पातळ फळीला मागच्या बाजूने पंजांनी पकडून बसलेला असतो. म्हणून झाकण काढल्यावर तो ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये. पंजे सैल झाले तर तो पुन्हा घट्ट बसवणे कठीण जाते. झाकण काढावे, उघड्या भागाचे माप जाड कागदावर उतरवावे, तो कागदी साचा भिंतीवर ठेवून पडताळावा आणि मगच तावावर ठेवून कापावे. टाइलची कड झाकणाखाली चारही बाजूंना काही मिलिमीटर गेली पाहिजे, पण सॉकेटच्या जिवंत भागापर्यंत पोहोचता कामा नये. धातूच्या टाइल्स लावणार असाल तर हे काम विजेची कामे जाणणाऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावे.

प्रश्न : थंडीच्या दिवसांत ट्रेलर रिकामा असतो आणि हाताशी वेळही असतो. तेव्हा टाइल्स लावल्या तर चालेल का?

उत्तर : भिंतीचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर गोंद घट्ट होतो, पसरत नाही आणि पकड कधीच पूर्ण येत नाही. केवळ खोलीतली हवा गरम करून भागत नाही. बाहेरच्या बाजूची भिंत हवेपेक्षा बराच वेळ थंड राहते. आदल्या दिवसापासून ट्रेलर आणि टाइल्सचे खोके दोन्ही एकाच उबेत ठेवता येणार असतील आणि नंतरचे तीन दिवसही ती ऊब टिकवता येणार असेल, तरच हे काम थंडीत करावे. नाहीतर ऋतू पालटेपर्यंत थांबावे.

प्रश्न : पुढेमागे ट्रेलर विकायचा झाला तर या टाइल्स भिंत खराब न करता काढता येतील का?

उत्तर : येतील असे वेष्टनावर म्हटलेले असले तरी ट्रेलरच्या बाबतीत मी ते पूर्ण खरे मानत नाही. भिंत चांगली तयार करून लावलेली टाइल काढताना छापील पापुद्रा काही ठिकाणी तिच्याबरोबर येतोच. नुकसान कमी करायचे असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने एका वेळी एकच टाइल कोमट करावी, कोपरा प्लास्टिकच्या पात्याने उचलावा आणि ताव आपल्याकडे न ओढता भिंतीला समांतर ठेवत, जवळजवळ स्वतःवरच दुमडत, अगदी सावकाश खाली आणावा. आपल्याकडे सरळ ओढले की सारा जोर पापुद्र्यावर येतो. मागे राहिलेला गोंद त्याच्याच गोळ्याने टिपून काढावा आणि उरलेला अंश अल्कोहोलच्या फडक्याने पुसावा.

काढण्याची शक्यता आधीपासूनच मनात असेल, तर टाइल्स भिंतीवर लावूच नयेत, असे मी सुचवीन. ॲल्युमिनियमचे पत्रे आणि मध्ये प्लास्टिकचा गाभा असलेली 3 मिलिमीटर जाडीची फळी मिळते. तिचे वजन दर चौरस मीटरला चार किलोंच्या आसपास असते आणि ती भिंतीच्या मापात कापता येते. टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर टाइल्स लावाव्यात, तीन दिवस उबदार जागी राहू द्यावी आणि मग भिंतीच्या मागे सांगाड्याची लाकडे कुठे आहेत ते पाहून थोड्याच स्क्रूंनी ती बसवावी. स्क्रूची भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी ठेवावीत, म्हणजे फळीलाही तापल्यावर हलायला वाव राहतो. शेगडीमागचा भाग याही वेळी स्टीलच्या पत्र्यासाठीच सोडावा. अशा फळीचा आणखी एक लाभ असा की वर्षातून एकदा स्क्रू सोडवून ती उतरवता येते आणि खिडकीखालची मूळ भिंत कोरडी आहे ना, हे डोळ्यांनी पाहून बोटाने दाबून खात्री करून घेता येते.